‘पोटात दुखतंय’ : एका तक्रारीचा इतिहास

‘सर, पोटात दुखतंय, घरी जाऊ का?’ हे वाक्य ज्याने कधी ऐकले नाही असा शिक्षक सापडणे कठीण. प्रार्थना संपून हजेरी होते, गणिताचा तास सुरू होतो आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी पोट धरून उभी राहते. मागच्या आठवड्यातही ती अशीच उभी राहिली होती. शिक्षकाच्या मनात त्या क्षणी दोनच शक्यता येतात. खरेच दुखत असेल तर दवाखान्यात पाठवायला हवे. नसेल तर हे ढोंग आहे, त्याला खतपाणी घालायला नको. या लेखाचा विषय आहे तो या दोहोंच्या मधला मोठा प्रदेश. तेथे दुखणे खरे असते, वारंवार येते, आणि तरीही डॉक्टरांच्या पहिल्या तपासणीत काहीच सापडत नाही.

बीड जिल्ह्यातील नेकनूरचे उदाहरण घेऊ. बालाघाटाच्या पठारावर, मांजरसुंबा-केज रस्त्यावर वसलेले हे मोठे गाव. गावात शाळा आहेत, सरकारी रुग्णालय आहे, आणि त्याच रस्त्याने पुढे गेले की अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय लागते. म्हणजे आजारी मुलाला डॉक्टर मिळणे येथे अशक्य नाही. पण या भागाचे शालेय वर्ष ऊसतोडीच्या हंगामाशी बांधलेले आहे. दिवाळीच्या आगेमागे कोयते साखर कारखान्यांकडे निघतात. काही मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात. काही आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. मागे राहिलेल्या मुलाचे पोट दुखू लागले तर ते सांगायला घरी आई नसते. पुष्कळदा सांगण्यासारखी पहिली मोठी व्यक्ती म्हणजे वर्गशिक्षकच. म्हणून हा इतिहास शिक्षकांसाठी.

शाळेत डॉक्टर कसा आला?

मुलांच्या आरोग्याची काळजी शाळेने घ्यावी ही कल्पना तशी अलीकडची आहे, आणि तिचा उगम मुलांच्या कळवळ्यातच झाला असे म्हणता येत नाही. १८९९ ते १९०२ या काळात इंग्लंडने दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध लढले. सैन्यात भरती होण्यासाठी आलेल्या गरीब वस्त्यांमधील तरुणांपैकी फार मोठ्या संख्येने तरुण शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरले. साम्राज्य चालवायला धडधाकट माणसे मिळेनात, तेव्हा राज्यकर्ते दचकले. चौकशी समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९०४ साली आला आणि १९०७ च्या कायद्याने शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले.

याच सुमारास अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात, एक निराळा प्रयोग झाला. तेथे डॉक्टर शाळांमध्ये जाऊन खरूज, उवा, डोळे येणे अशा संसर्गाची मुले हुडकत आणि त्यांना घरी पाठवत. पण घरी गेलेल्या मुलावर उपचार कोण करणार? ते गल्लीत त्याच मित्रांबरोबर खेळत राही आणि शाळा बुडत राही. ऑक्टोबर १९०२ मध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेची प्रायोगिक नेमणूक झाली. ती शाळेतच जखमा बांधी, डोळ्यांत औषध घाली, आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला पुढची काळजी समजावून सांगे. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारामुळे शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती; सप्टेंबर १९०३ मध्ये ती १,१०१ वर आली.

या आकड्यांचा अर्थ नीट पाहायला हवा. एका वर्षात मुलांचे आजार नऊ दशांशांनी कमी झाले नव्हते. आजारी मुलाला घरी पाठवणे हाच उपचार, ही समजूत कमी झाली होती. आजार दिसताच शाळेत त्यावर काही केले आणि घराशी संबंध ठेवला, तर बहुतेक मुलांना शाळा सोडावी लागत नाही हे रॉजर्सबाईंनी दाखवून दिले. वारंवार होणाऱ्या दुखण्याच्या बाबतीत हाच धडा वैद्यकशास्त्राला पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा शिकावा लागला.

बडोदे, १९०९

आपल्याकडे या कामाची सुरुवात एका मराठी राजाच्या संस्थानात झाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेला गोपाळ नावाचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ या घटनेपासून मोजला जातो.

या दोन गोष्टी लागोपाठ व्हाव्यात यात एक तर्क दिसतो. शिक्षण ऐच्छिक असते तेव्हा आजारी मूल शाळेत येत नाही आणि कोणी त्याची चौकशीही करत नाही. शिक्षण सक्तीचे झाले की शाळेत प्रत्येक मूल येते : अशक्त, बहिरे, अर्धपोटी, दुखणाईत, सगळीच. मुलाने वर्गात बसलेच पाहिजे असे जे राज्य म्हणते, त्याला ते बसू शकते का हेही पाहावे लागते. आज शिक्षणहक्काच्या काळात हा तर्क आपल्याला अधिकच लागू आहे.

बडोद्याचे हे लोण लगेच सर्वत्र पोचले नाही. नेकनूर त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि खेड्यातील मराठी मुलाला शाळा मिळणे हीच मोठी गोष्ट होती. ब्रिटिश अमलाखालील मुलखाची अवस्थाही फार बरी नव्हती. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशातील शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नसल्यातच जमा असल्याचे नोंदवले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. पुढे १९६० मध्ये केंद्र सरकारने रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली आणि तिने १९६१ मध्ये अहवाल दिला. त्यानंतरच्या काळात शाळेची वार्षिक तपासणी हळूहळू रुळली. उंची, वजन, दात, डोळे, त्वचा, टॉन्सिल. जे मोजता येते किंवा विजेरीच्या उजेडात दिसते, ते कार्डावर लिहिले जाऊ लागले.

दुखणे मात्र विजेरीच्या उजेडात दिसत नाही.

ब्रिस्टलमधील एक हजार मुले

वारंवार पोट दुखणारी मुले डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होती. पण ती किती, आणि त्यांच्या दुखण्यामागे काय, हे कोणी मोजले नव्हते. रुग्णालयात येणारी मुले पाहून हा अंदाज करता येत नाही, कारण रुग्णालयात येतात ती निवडक. हे काम इंग्लंडमधील ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ले यांनी शाळांमध्ये जाऊन केले. नोरा नेश या सहकारी डॉक्टरसह त्यांनी एक हजार शाळकरी मुलांची पाहणी केली. ती १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली.

पाहणीसाठी आधी व्याख्या हवी. पोट तर प्रत्येकाचेच कधी ना कधी दुखते. ॲप्ले यांनी ठरवले : निदान तीन महिन्यांच्या काळात निदान तीन वेळा दुखले पाहिजे, आणि ते इतके दुखले पाहिजे की मुलाच्या नेहमीच्या हालचालींत खंड पडावा. ही व्याख्या इतकी साधी आहे की ती वापरायला कोणतेही यंत्र लागत नाही, कॅलेंडर पुरते. या मापाने मोजल्यावर हजारातील १०८ मुले वारंवार पोट दुखणारी निघाली. म्हणजे सुमारे दहांत एक. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा थोडे जास्त होते.

दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा होता. अशा शंभर मुलांचा कसून तपास केला, तेव्हा पोटातील किंवा मूत्रमार्गातील निश्चित शारीरिक व्याधी जेमतेम आठ जणांत सापडली. उरलेली मुले खोटे बोलत होती काय? ॲप्ले यांचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे होते. ही मुले चेहरा पांढरा पडेपर्यंत कळवळत, काहींना उलटी होई, काही दुखणे ओसरल्यावर झोपी जात. त्यांच्या घरात आणखीही कोणाला पोटदुखी किंवा डोकेदुखी असल्याचे वारंवार आढळले. घरातील किंवा शाळेतील ताण आणि दुखणे यांचा संबंधही अनेकदा दिसला. ॲप्ले यांनी एक ठोकताळाही दिला : दुखण्याची जागा बेंबीपासून जितकी दूर, तितकी शारीरिक व्याधीची शक्यता जास्त. अनेक डॉक्टर तो आजही विचारात घेतात, अर्थात पक्का नियम म्हणून नव्हे.

डोकेदुखीचे असेच मोठे काम स्वीडनमधील उप्साला शहरात बो बिल्ले यांनी केले. सात ते पंधरा वर्षांच्या ८,९९३ शाळकरी मुलांची पाहणी करून त्यांनी १९६२ मध्ये दाखवले की अर्धशिशी हा केवळ मोठ्यांचा आजार नाही. शंभरातील सुमारे चार मुलांना तो असतो. तीव्र अर्धशिशी असलेल्या काही मुलांचा पाठपुरावा त्यांनी पुढे चाळीस वर्षे केला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पन्नाशीच्या आसपासही तो त्रास होत होता. ‘मोठा झाला की जाईल’ हे वाक्य प्रत्येक वेळी खरे ठरत नाही, हे या चिकाटीच्या कामातून कळले.

हातापायांच्या दुखण्याचा इतिहास उलट दिशेने गेला. ‘वाढीचे दुखणे’ हा शब्द १८२३ पासून वैद्यकीय लिखाणात आहे. पुढे संधिवाताच्या तापाची, म्हणजे सांध्यांपासून सुरू होऊन हृदयाच्या झडपा बिघडवणाऱ्या आजाराची, माहिती वाढली, तेव्हा डॉक्टर प्रत्येक पाय दुखण्याला भिऊ लागले आणि काही निरोगी मुले उगाच महिनोन्‌महिने अंथरुणात पडून राहिली. संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पोटऱ्या दुखणे, सकाळी मूल पुन्हा पळू लागणे, आणि घसादुखीनंतर ताप येऊन एकामागून एक सांधा सुजणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट व्हायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. पहिल्यात पाय चोळून धीर देणे पुरते. दुसऱ्यात मुलाला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे लागते.

दुखणे खरे, पण जखम कुठे?

जखम नसताना दुखणे खरे कसे असू शकते? जुनी समजूत अशी होती की वेदना म्हणजे घंटेची दोरी. येथे ओढली, तेथे वाजली. जितका जोरात ओढा, तितका मोठा आवाज. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी निराळी कल्पना मांडली. शरीराकडून येणारा संदेश मज्जारज्जूत एका ‘दारातून’ जातो. हे दार कमीअधिक उघडते. स्पर्शाचे संदेश ते थोडे लोटतात, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते उघडतात किंवा बंद करतात. गुडघा आपटला की आपण तो चोळतो आणि बरे वाटते, हा या कल्पनेचा घरगुती दाखला. मैदानात खेळताना खरचटलेले मुलाला कळत नाही आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तेच खरचटणे ठणकते, हा दुसरा. या सिद्धान्ताच्या तपशिलात पुढे बरेच बदल झाले, पण मुख्य मुद्दा टिकला : वेदना किती जाणवेल हे केवळ जखमेच्या आकारावर ठरत नाही.

पोटाच्या बाबतीत हे अधिक खरे आहे. आतड्यांच्या भिंतीत चेतापेशींचे स्वतःचे मोठे जाळे आहे आणि त्याची मेंदूशी सतत देवाणघेवाण चालते. काही मुलांमध्ये हे जाळे अधिक हळवे असते. इतरांना न जाणवणारा वायूचा ताण किंवा आतड्याची हालचाल त्यांना कळ म्हणून जाणवते. भीती, काळजी, अपुरी झोप यांनी हा हळवेपणा वाढतो. म्हणून ‘मनाचे दुखणे की शरीराचे’ हा प्रश्नच येथे चुकीचा ठरतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत हेही नमूद केले की माणूस दुखते असे म्हणत असेल तर त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे.

‘बायकांचे दुखणे’

एखाद्या दुखण्याचे कारण माहीत नसले की ते दुखणाऱ्याच्या स्वभावावर ढकलले जाते, याचे मोठे उदाहरण म्हणजे पाळीतील पोटदुखी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य पुस्तकांतसुद्धा तिचा संबंध मुलीच्या हळव्या मनाशी, आईच्या शिकवणीशी जोडलेला आढळे. १९५७ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्डचे शास्त्रज्ञ व्हर्नन पिकल्स यांना पाळीच्या स्रावात स्नायूंचे आकुंचन घडवणारा पदार्थ सापडला. पुढे ते प्रोस्टाग्लँडिन असल्याचे ठरले. ते जास्त तयार झाले की गर्भाशयाचे स्नायू जोराने आवळतात, तेथील रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटतो आणि कळा येतात. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनसारखी औषधे हाच पदार्थ तयार होण्याचे थांबवतात हे दाखवले. प्रोस्टाग्लँडिनवरील कामासाठी व्हेन, बर्गस्ट्रोम आणि सॅम्युएलसन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याला ‘नाटक’ म्हटले जात होते त्याचे रासायनिक सूत्र आता लिहिता येत होते.

हे ज्ञान नेकनूरच्या आसपासच्या मुलींपर्यंत किती पोचले? याचे उत्तर त्यांच्या आयांच्या पिढीकडे पाहून मिळते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणावर झाल्याच्या बातम्या आल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींमागे एक. अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते. ओटीपोटात दुखणे, अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास अशा तक्रारी घेऊन त्या दवाखान्यात गेल्या होत्या. फडावर शौचालय नाही, पाणी जपून वापरायचे, पाळीतही मोळ्या उचलायच्या, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा पडून पैसे कापले जायचे. अशा स्थितीत दुखण्याचा कायमचा निकाल लावण्याचे आश्वासन खरे वाटले तर नवल नाही.

या शोकांतिकेची कारणे मजुरीच्या पद्धतीत आणि खासगी वैद्यकातील अनिर्बंध व्यवहारात आहेत. ती शाळेने एकटीने दूर करावीत अशी अपेक्षा कोणी धरणार नाही. पण एक प्रश्न शाळेला टाळता येत नाही. यांतील ज्या स्त्रिया शाळेत गेल्या, त्यांचेही पोट कधीतरी वर्गात दुखले असेल. त्या वेळी त्यांना काय सांगितले गेले? पाळीतील दुखण्याला नाव आहे, कारण आहे, साधे औषध आहे आणि त्यासाठी अवयव काढावा लागत नाही, एवढी गोष्ट तेराव्या वर्षी कळलेली मुलगी तिसाव्या वर्षी डॉक्टरला दोन प्रश्न अधिक विचारू शकते.

विळ्यासारख्या पेशी

दुखणे खरे असूनही न ओळखले जाण्याचे महाराष्ट्रातील आणखी एक उदाहरण विदर्भ आणि खानदेशातील शिक्षकांना जवळचे आहे : सिकलसेल. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी या आजाराचे पहिले वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला विद्यार्थीच होता. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशी सापडल्या. मध्य भारतातील लोकांमध्येही त्या असल्याचे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये, म्हणजे ॲप्ले यांची पाहणी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, नोंदवले. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हात, पाय, पाठ, पोट असह्य दुखते. दोन झटक्यांच्या मधल्या काळात मूल चांगले दिसते. म्हणूनच ‘काल तर खेळत होता’ असे म्हणून त्याच्यावर अन्याय होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. बीड हा काही या आजाराचा मुख्य प्रदेश नव्हे. पण त्यातून मिळणारा धडा सर्वांना लागू आहे : मधल्या काळातील हसतेखेळते मूल हा दुखणे खोटे असल्याचा पुरावा नसतो.

वर्षातून एक दिवस

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. पथकात दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. जन्मजात दोष, पोषणातील कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील तीस व्याधी ते शोधतात. हृदयाला भोक असलेली कित्येक मुले या तपासणीतून शस्त्रक्रियेपर्यंत पोचली, हे या योजनेचे मोठे यश आहे. किशोरवयीन मुलींना पाळीतील दुखण्याविषयी विचारण्याचीही तीत सोय आहे. २०१३ पासून किशोरवयीनांना लोहाची साप्ताहिक गोळी, २०१५ पासून जंतनाशक दिन, २०२० पासून प्रत्येक शाळेत दोन आरोग्यदूत शिक्षक, अशा योजना आल्या. दुपारच्या शिजवलेल्या आहाराने रिकाम्या पोटी दुखण्याचा मोठा भाग तर आधीच हलका केला होता.

तरीही एक अडचण उरते, आणि ती योजनेचा दोष नव्हे. ती दुखण्याच्या स्वभावातच आहे. पथक येते गुरुवारी. दुखणे आले होते मागच्या मंगळवारी. गुरुवारी पोट मऊ लागते, ताप नसतो, कार्डावर ‘निरोगी’ असे लिहिले जाते. वारंवार येणारे दुखणे एका दिवसाच्या तपासणीत पकडताच येत नाही. ते अनेक दिवसांच्या नोंदींतून दिसते. आणि वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस मुलाला पाहणारा माणूस डॉक्टर नसतो, शिक्षक असतो.

दुखण्याची वही

म्हणून ॲप्ले यांचे कॅलेंडर आपण वर्गात आणू शकतो. एक साधी वही पुरे. तारीख व वार, वेळ, कुठे दुखले (मुलाला बोटाने दाखवायला सांगावे), सकाळी काय खाल्ले, शौचाला कधी झाले, किती वेळ दुखले, कशात खंड पडला, आणि त्या दिवशी घरी किंवा शाळेत काही वेगळे घडले का. मुलींच्या बाबतीत पाळीचा दिवस शिक्षिकेने, एकांतात, विचारून नोंदवावा. वही कपाटात राहावी. वर्गात वाचली जाऊ नये. तीन महिन्यांत तीन नोंदी झाल्या की पालकांना बोलवावे आणि वहीसह रुग्णालयात पाठवावे. डॉक्टरला अशा अर्ध्या पानाचा जेवढा उपयोग होतो, तेवढा कित्येकदा सोनोग्राफीचाही होत नाही.

वहीतून पुष्कळदा साधीच कारणे पुढे येतात. दर वेळी अकराच्या सुमारास दुखते आणि मूल उपाशी आलेले असते. गोळीच्या दिवशीच दुखते, कारण लोहाची गोळी रिकाम्या पोटी घेतली जाते. जेवणानंतर दिली की त्रास कमी होतो. मुलगी शाळेत पाणीच पीत नाही, कारण स्वच्छतागृहाला कडी नाही. पाणी कमी, लघवी रोखलेली, शौचाला खडा. यातून पोट दुखते, लघवीची जळजळ होते. या मुलीला लागणारे पहिले औषध म्हणजे कडी आहे, आणि ते मुख्याध्यापकांच्या हाती आहे. कधी दर सोमवारी दुखते, कधी ठरावीक विषयाच्या तासाला, कधी आईवडील तोडीला गेल्यानंतरच्या पंधरवड्यात. येथे मुलाशी सावकाश बोलायला हवे. मारहाणीचा, छळाचा किंवा लैंगिक अत्याचाराचा धागाही अशा दुखण्यामागे असू शकतो, हे विसरू नये.

काही चिन्हे दिसली तर मात्र तीन महिने थांबायचे नसते. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, घटणारे वजन, शौचातून रक्त, हिरवी किंवा रक्ताची उलटी, ताप, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूस वाढत जाणारी कळ, मुलग्याच्या वृषणात अचानक दुखणे, सुजलेला सांधा, पहाटेच्या डोकेदुखीबरोबर उलटी. अशा मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. गरज पडल्यास १०८ क्रमांकावर फोन करावा.

आणि ज्यांच्या तपासणीत काही सापडत नाही, त्या बहुसंख्य मुलांचे काय? येथे लीना रॉजर्सचा अनुभव कामी येतो. दर वेळी घरी पाठवले की पाठ बुडतो, बुडालेल्या पाठाची भीती वाढते आणि भीतीने दुखणे वाढते. म्हणून ‘तुला दुखते आहे हे मला मान्य आहे’ असे आधी म्हणावे. मग पंधरा-वीस मिनिटे पडायला शांत जागा, प्यायला पाणी, पाळीचे दुखणे असेल तर शेकायला गरम पाण्याची पिशवी द्यावी आणि नंतर वर्गात परत आणावे. बुडालेला भाग शेजारच्या मुलीकडून लिहून घ्यायला मदत करावी. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वेदनाशामक गोळ्या वाटू नयेत. ‘तपासणीत काही निघाले नाही’ याचा अर्थ ‘तुला काही झालेले नाही’ असा होत नाही, हे पालकांनाही समजावून सांगावे.

१९०९ मध्ये बडोद्यात मुलांना तपासणाऱ्या डॉक्टरांकडे सिकलसेलचे नाव नव्हते, प्रोस्टाग्लँडिनचा पत्ता नव्हता, आतड्यातील चेतांचे हळवेपण ठाऊक नव्हते. त्या काळी ‘काही नाही, जा वर्गात’ असे म्हटले गेले असेल तर तो दोष अज्ञानाचा होता. आज ही माहिती दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजावून देता येते. तिसऱ्या बाकावरची मुलगी उद्या पुन्हा पोट धरून उभी राहील. तेव्हा तिला ‘घरी जा’ किंवा ‘खाली बस’ म्हणण्यापूर्वी वही उघडून तारीख घालावी आणि विचारावे, ‘बाळ, नेमके कुठे दुखते ते बोटाने दाखव बरे.’